निधान

आधी दार उघडून नुसतं बसायचं थोडा वेळ.
पुसायची घाई करायची नाही.
सीट कुठं कुरकुरते, कुठं गप्प आहे,
हे बूड टेकल्याशिवाय कळत नाही.

तवंदी घाट उतरला की डाव्या हाताला माझं शेड.
पाटी दोन लिप्यांत, दोन्हींचा रंग सारखाच उडालेला.
आजची गाडी वखारवाल्या तात्यासाहेबांची,
नंबर तेवीसचा,
आणि शिवणीशिवणीत तंबाखूची भुकटी.
ब्रश फिरवला की आम्ही शिंकतो,
एकदा मी, एकदा बसलिंग,
कुणीतरी हजेरी घेत असल्यासारखे.

ड्रायव्हरनं खोबरेल चोळून ठेवलंय.
आठ दिवस चकाकी, मग काळे डाग,
मग आतल्या आत दोरा कुजत जातो.
सांगून दमलो,
खोबरेल डोक्याला लावा रे बाबांनो.

साबणाचा फक्त फेस उचलायचा,
जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यावर.
आधी सीटच्या खाली, कुणाच्या नजरेला पडणार नाही तिथं
रुपयाएवढी जागा पुसून बघायची.
फडक्याला रंग लागला तर थांबायचं.
पाठीकडं चाळणीसारखी बारीक भोकं असतात,
त्यात मलम अडकलं
तर दात कोरायच्या काडीनं, एकेक.
बसलिंग माझ्या हाताकडं बघत म्हणतो,
"निधान, अण्णा, निधान."

त्याच्या घरी निधान म्हणजे सावकाश.
माझ्या घरी, पुरून ठेवलेलं धन.
पाच वर्षं झाली बरोबर काम करून,
त्याला कधी विचारलं नाही
ह्यातलं कुठलं म्हणतोस.

तात्यासाहेबांची तक्रार एका रेघेची.
मागची सीट, डावी बाजू, खांद्याच्या खाली वीतभर.
"एवढे पैसे मोजले आणि ओरखडा?"
काटेरी तार आहे ती, साहेब.
जनावर घुसलं असणार कुंपणातनं कधीतरी,
लागलं, भरून आलं.
पुसून जायची नाही.
कातडं खरं आहे, त्याची तेवढीच पावती.
ते म्हणाले, बघ काय होतंय का.

दिवस मावळताना आप्पा डबा घेऊन आला.
चाळीस वर्षं पायताणं शिवली त्यानं,
हिरड्याच्या पाण्यात बुडून बुडून
नखं अजून तपकिरी.
थोरल्या तात्यांची पायताणंही त्यानंच केलेली.
ते वखारीच्या दारात धुळीत पाय उठवायचे
आणि आत निघून जायचे.
मग आप्पा पुढं व्हायचा,
धुळीतल्या पावलाचं माप घ्यायचा, दोऱ्यानं,
वारं सुटायच्या आत.

"बस की आत," मी म्हटलं.
त्यानं चप्पल काढली, दाराबाहेर जोडून ठेवली.
बसला नाही पण.
वाकून सीटला नाक लावलं,
अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, परत दाबलं.
"ह्यात हिरडा न्हाई. बाभळ न्हाई.
कुठल्या गावचं जनावर म्हणायचं हे?"
मला सांगता येईना.
खोक्यावर देशाचं नाव असतं.

मग ती रेघ त्याला सापडली, न बघता.
बोट तिच्यावरनं एकदा खाली, एकदा वर.
"तारंला लागलंय," म्हणाला,
माझ्या हातातली डबी घेतली
आणि दोन बोटांनी मलम लावू लागला,
पोराच्या गुडघ्याला लावावं तसं.

"निधान," बसलिंग हळूच म्हणाला.
आप्पाला कानडी येतं, माझ्यापेक्षा चांगलं.
तो हसला नुसता.

हायवेवरनं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या.
आप्पानं हात धोतराला पुसले,
पाय उचलून आत घेतले
आणि टेकला,
तात्यासाहेबांच्या जागी, पाठ पूर्ण सोडून.

मलम मुरायला रात्र जावी लागते.
सकाळपर्यंत तिथं कुणी बसायचं नसतं.
हे मी आप्पाला सांगितलं नाही.